एकशे दहाच्या आत

टिंगू एकशे दहा सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर भरली तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. आईने टेप गुंडाळली, उलगडली आणि दाराच्या चौकटीला पुन्हा लावली. आई घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. घट्ट झालेलं उसवते, सैल झालेलं आवळते. गल्लीतल्या निम्म्या माणसांची खरी कंबर एकट्या तिला ठाऊक आहे, त्यामुळे तिच्या टेपशी कुणी वाद घालत नाही.

"केसांचे असतील चार मिलिमीटर," बाबांनी तरीही घातला.

"केस दाबून मोजलंय."

"मग चौकट खाली बसली असेल."

आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "गेली बदकं."

बदकं म्हणजे थीम पार्कमधली. तिथे एका उथळ कालव्यातून बावीस पिवळी बदकं एकामागून एक फिरतात आणि प्रत्येकाच्या पाठीत एका मुलापुरती जागा असते. दारावर पाटी आहे : 'एकशे दहा सेंटिमीटरपेक्षा उंच मुलांना प्रवेश नाही.' त्याहून उंच मुलांचे गुडघे बदकाच्या मानेला अडतात म्हणून. टिंगूला त्या बदकात बसायचं होतं, अगदी बोलायला लागल्यापासून. पहिल्या वर्षी दोन तास रांगेत उभं राहून नंबर आला आणि नेमकी त्याच मिनिटाला तिला शी लागली. दुसऱ्या वर्षी आईकडे एका शाळेचे दीडशे गणवेश आले, आणि 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणता म्हणता वर्ष सरलं. तिसऱ्या वर्षी बदकं रंगवायला काढली होती. प्रत्येक वेळी आई 'पुढच्या वेळी' म्हणाली आणि प्रत्येक वेळी टिंगूने शहाण्यासारखी मान हलवली. तिने एकदा तरी हातपाय आपटले असते तर आईला बरं वाटलं असतं. दर चार महिन्यांनी तिच्या फ्रॉकची दुमड उसवून खाली सोडणारी आईच होती. बोटभर कापड सोडायचं, टीप मारायची, पुढचं काम घ्यायचं. ती दुमड कशाने संपत होती हे मात्र आज सकाळी लक्षात आलं.

आणि तिकिटं आजची होती.

"संध्याकाळी मोजा," आजी म्हणाली.

बाबांची आई, म्हणजे टिंगूची आजी, शाळेत एकतीस वर्षं ड्रिल शिकवायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ती खोलीत आली की घरातली माणसं नकळत पोट आत घेतात.

"संध्याकाळी काय वेगळं होणारे, आई?" बाबांनी विचारलं.

"माणूस रात्रभर आडवा असतो, तेव्हा मणके मोकळे होतात. दिवसभर उभा राहिला की दबतात. संध्याकाळपर्यंत पाऊण-एक सेंटिमीटर कमी होतो. आमच्या शाळेतली पोरं बास्केटबॉलच्या निवडीला म्हणून तर सकाळीच मोजून घ्यायची. लबाड एकेक."

आई स्टुलावरून उठली. "म्हणजे पाच वाजता ही एकशे दहाच्या आत येईल?"

"दिवसभर उभी ठेवली तर. मधे झोपायचं नाही, लोळायचं नाही, कुणी कडेवर घ्यायचं नाही."

"मी आज बुटकी होणारे?" टिंगूने विचारलं. जन्मली तेव्हा ती पावणेदोन किलोची होती, म्हणून तिचं नाव टिंगू पडलं. ते आता तिला आखूड होत चाललं होतं.

"थोडीशीच, सोन्या," आई म्हणाली.

"चालेल."

बाबांनी कागद घेतला. ते बस आगारात वेळापत्रकं बनवतात. उशिरा सुटलेली बस त्यांना समजते, माणूस आहे, होतं. पण वेळेआधी सुटलेली बस त्यांनी आयुष्यात कुणाला माफ केलेली नाही. त्यांनी लिहिलं : 'साडेनऊ, प्रवेश. अडीच, बदकांच्या रांगेत. रांग दोन तास. साडेचार, बदक.' खाली रेघ मारून सही केली.

थीम पार्कमध्ये त्या दिवशी जेवढी माणसं होती, त्यातल्या प्रत्येकाला लवकर नंबर लागावा असं वाटत होतं. अपवाद चौघांचा.

सकाळी दहाला बाबांनी टिंगूला बदकांच्या दारात नुसतं मोजून घेतलं. तिथे पन्नाशीचा, भरघोस मिशांचा एक गृहस्थ उंचीची पट्टी घेऊन उभा होता. डोक्यावर कामाचा भाग म्हणून बदकाच्या चोचीची टोपी होती. टोपीखालचा चेहरा मात्र कोर्टातल्या कारकुनाचा होता.

"नाही बसणार. वर जातेय," टोपीवाला म्हणाला.

"आम्हाला आत्ता बसायचंच नाहीये."

"मग मोजलं कशाला?"

"नोंद," बाबा म्हणाले आणि कागदावर लिहून घेतलं. टोपीवाल्याने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत त्यांनी टिंगूला चालवलं. कारंजं, आरशांची खोली, पुन्हा कारंजं. जेवणही उभ्यानेच झालं. एकटी ती उभी आणि आपण बसलेले हे बरं दिसेना, म्हणून तिघांनीही उभ्याने खाल्लं. अडीच वाजता सगळे रांगेत शिरले. तिथे पाटी होती : 'येथून दोन तास.' बाबांनी पाटीकडे नातेवाईक भेटल्यासारखं पाहिलं.

पण रांग धावू लागली. पार्कवाल्यांनी दुपारच्या गर्दीसाठी बदकांचा दुसरा ताफा सोडला होता, आणि हे वेळापत्रकात नव्हतं. वीस मिनिटांत ते अर्ध्यावर आले. आईने गळ्यातली टेप काढून तिथल्या तिथे टिंगूला मोजलं.

"एकशे दहा आणि एक मिलिमीटर. अरे, एवढ्यातच पोचणार आपण!"

"वेळेआधी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मागच्यांना पुढे जाऊ दे," आजी म्हणाली.

मागे जुळी मुलं घेऊन एक बाई उभी होती. बाबा तिच्याकडे वळून म्हणाले, "या ना, तुम्ही जा पुढे."

"अय्या, खरंच? थँक्यू हं!" ती गेली. तिच्या मागून एक आजोबा आणि नातू गेले. तिसऱ्या कुटुंबाला बाबांनी वाट करून दिली, तेव्हा त्यातला चष्मेवाला माणूस जागचा हलला नाही.

"का हो?"

"का म्हणजे? जा ना."

"पण का?"

"सहज."

इथे बाबांचं चुकलं. भर उन्हात तापलेल्या रांगेत कुणी कुणाला सहज पुढे सोडत नाही. चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने पुढे बदकांकडे पाहिलं.

"काही झालंय का पुढे?" तिने आईला हळूच विचारलं.

"नाही हो, काही नाही. जा तुम्ही, खरंच."

"मग तुम्ही का नाही जात?"

"आम्हाला घाई नाही."

"लहान मूल घेऊन घाई नाही?" बाई मागे वळून म्हणाली, "अहो ऐकलं का, या बाईंना काहीतरी माहितीये. सांगत नाहीयेत."

पुढचं फार वेगाने झालं. पाच-सहा माणसं सोडून मागे बातमी पोचली ती 'पाण्यात काहीतरी आहे' अशी. त्याच्या मागे 'एक बदक गळतंय', आणि कोपऱ्यापलीकडे 'सकाळी एक मूल अडकलं होतं म्हणे.' आईने बाहेर वाकून "अहो, तसलं काही नाही!" असं ओरडून सांगितलं. नसलेल्या गोष्टीसाठी कुणी एवढं ओरडत नाही, यावर लोकांचं एकमत झालं. दहा मिनिटांत रांग विरघळली. पुढे कुणी उरलं नाही, मागेही नाही. दोन तासांची ती रांग चौघांची होऊन थेट दारात येऊन थांबली.

टोपीवाला पट्टी घेऊन उभा होता. त्याच्या मागून बावीस रिकामी बदकं गेली.

"अकरा वर्षं आहे मी इथे," तो म्हणाला. "पाऊस पडला, वीज गेली, पण रांग कधी मोडली नाही."

"आता आलोच आहोत तर मोजा," आई म्हणाली. "एकच मिलिमीटरचा प्रश्न आहे."

टिंगू पट्टीला पाठ लावून उभी राहिली. दमली होती. खांदे पडले होते, पोट पुढे आलं होतं, मान कलली होती. पट्टीवरची एकशे दहाची लाल रेघ तिच्या डोक्याच्या चक्क वर दिसत होती. टोपीवाल्याने मान डोलवायला सुरुवात केली.

"ताठ!" आजी म्हणाली.

तिला म्हणायचं नव्हतं. एकतीस वर्षांत तिच्यासमोर असं पोक काढून कुणी उभं राहिलंच नव्हतं, त्यामुळे शब्द आपोआप आला. टिंगूच्या टाचा जुळल्या, छाती पुढे आली, मान सरळ झाली. बाबाही ताठ झाले. टोपीवाल्यानेही मिशा सावरल्या आणि मग पट्टीकडे पाहिलं.

"वर जातेय," तो म्हणाला.

आईने सासूबाईंकडे न बघता टेप गळ्यात घालून दोन्ही टोकं जरा जोरात ओढली.

"चुकलं माझं," आजी म्हणाली. हे वाक्य घरात कुणी पूर्वी ऐकलेलं नव्हतं.

"आई, जाऊ द्या हो," आई म्हणाली. "अजून दोन तास आहेत. उभं करू हिला कुठेतरी."

पण सहा वर्षांच्या मुलीला कुठेतरी उभं करता येत नाही. झाडाखाली उभी केली तर ती बसली. भिंतीशी उभी केली तर आधी टेकली, मग घसरत घसरत लोळायला लागली. "उठ उठ, मणके!" आजी ओरडली. दोन तास न बसता न लोळता लहान मूल उभं राहतं अशी जगात एकच जागा आहे, आणि तीच त्यांनी आत्ता मोडून टाकली होती.

"दुसरी रांग बघू," बाबा म्हणाले. "सगळ्यात मोठी."

सगळ्यात मोठी रांग कोसळकड्याची होती. हा भला उंच पाळणा माणसांना कड्यावर नेतो आणि तिथून सोडून देतो. पाटी होती : 'येथून दीड तास.' चौघं आनंदाने शिरले.

"दीड तास!" पुढचा एक जाड माणूस घाम पुसत बाबांना म्हणाला. "छळ आहे नुसता."

"कमी तर नाही ना होणार?" बाबांनी काळजीने विचारलं.

माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण अर्ध्या तासाने त्याचं लक्ष टिंगूकडे गेलं आणि त्याला पाझर फुटला. "केवढुशी आहे ही, आणि कशी शहाण्यासारखी उभी आहे. वहिनी, तुम्ही जा हो पुढे."

"नको!" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की कड्यावरून किंचाळत येणारी माणसंही क्षणभर गप्प झाली असावीत. "म्हणजे, थँक्यू. पण आम्ही इथेच बरे आहोत."

रांगेचा शेवट आला तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. दारात गणवेशातली एक मुलगी उभी होती. या पाळण्याला नियम उलटा होता, एकशे दहापेक्षा बुटक्यांना प्रवेश नाही. तिने टिंगूला मोजलं आणि चेहरा मऊ केला. अशा वेळी मुलं रडतात आणि वडील भांडतात. तिला दोन्हीचं प्रशिक्षण होतं. ती गुडघ्यावर बसली.

"राणी, वाईट नाही हं वाटून घ्यायचं. तू ना, अगदी थोडीशी, दोनच मिलिमीटर कमी—"

"कमी?" आजी म्हणाली.

"हो, पण पुढच्या वर्षी नक्की—"

आजीने तिला मिठी मारली. बाबांनी बाजूच्या जाड माणसाशी हस्तांदोलन केलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चौघं रांगेच्या उलट दिशेने, सगळ्यांना 'सॉरी, सॉरी' म्हणत पळत सुटले. ती मुलगी गुडघ्यावरच राहिली. हातात तिने समजूत काढायला आणलेला स्टिकर होता.

पळता पळता टिंगू झोपली. सकाळपासून उभी असलेली मुलगी, बाबांचा हात धरून दोन पावलं धावली आणि तिसऱ्या पावलाला झोपली. बाबांनी तिला उचललं.

"आडवी नको! आडवी नको!" आजी मागून ओरडली. "वाढेल!"

मग बाबांनी तिला कापडाचा तागा धरतात तशी उभी धरली आणि तसेच पळाले. लोक बाजूला होऊन बघत होते. एका लहान मुलाने त्याच्या वडिलांना विचारलं, "ती बाहुली कुठे मिळते?"

बदकांच्या दारात पुन्हा रांग जमली होती. पाण्यात काही नाही हे लोकांना तासाभरात पटलं होतं, कारण तासाभरात नवेच लोक आले होते. पाटी अर्ध्या तासाची होती आणि सहाला बदकं बंद होणार होती. अर्धा तास आई आणि आजी दोन्ही बाजूंनी टिंगूला उभी धरून राहिल्या. दुपारच्या 'ताठ'नंतर दोघींत फारसं बोलणं झालं नव्हतं. एका लयीत पाऊल पुढे टाकता टाकता आजी म्हणाली, "तुझ्याकडे दे जरा भार. तुझा हात आखडला असेल."

"भार माझ्याकडेच आहे, आई."

"मग माझ्याकडे दे."

त्यांचा नंबर आला. त्यांच्या मागे टोपीवाल्याने साखळी लावली. आजचे शेवटचे तेच. बाबांनी झोपलेल्या टिंगूला पट्टीला लावलं, आईने गुडघे धरले, आजीने मान धरली, या वेळी तोंड घट्ट मिटून.

टोपीवाला वाकला. रेघ डोक्याच्या वर होती. थोडीच, पण वर.

"आत आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "डोळे मिटलेत."

"उघडे पाहिजेत असं कुठे लिहिलंय?" आजीने विचारलं.

टोपीवाल्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. तसं लिहिलेलं नव्हतं. "उठवा की पण," तो म्हणाला.

त्यांनी उठवलं. गालावर पाणी लावलं, कानात 'बदक, बदक' म्हटलं. टिंगूने एकदा "हं" केलं आणि ती बदकाच्या मानेला मिठी मारून आणखी गाढ झोपली. टोपीवाल्याने पट्टा लावला आणि बदक निघालं. आई कठड्याच्या कडेने सोबत धावली. "अगं टिंगू, बघ ना! बदकात आहेस तू! टिंगू, पूल आला!" बाबांनी सतरा फोटो काढले. सतराही फोटोंत बदकाचे डोळे उघडे होते. फेरी दोन मिनिटांत संपली आणि आईने तिला उचलून खाली ठेवलं. जमिनीला पाय लागताच टिंगू टक्क जागी झाली.

"आला का आपला नंबर?"

बाबांनी घड्याळात पाहिलं. आजीने एकतीस वर्षांत न मारलेल्या उडीचे गुण कुणाला दिले नव्हते. ती पाण्याकडे बघत राहिली.

आईने टोपीवाल्याकडे पाहिलं.

"हा काय, आत्ताच आला," टोपीवाला म्हणाला आणि सवयीने पट्टी उचलली.

"पाठ टेकली होती का हो तिची बदकात?" आजीने चिंतेने कुजबुजत विचारलं. "दोन मिनिटं म्हणजे..."

टोपीवाल्याने पट्टी परत भिंतीला लावून ठेवली. "मोजून झालंय," तो म्हणाला.

"पण नियमाप्रमाणे प्रत्येक फेरीला—" बाबांनी सुरुवात केली. आईने त्यांच्या पायावर पाय दिला.

"तुम्ही बसा तिथे बाकावर," टोपीवाला तिघांना म्हणाला. "इथून सगळं दिसतं."

साडेनऊपासून कुणी बसलं नव्हतं. "मी नुसती टेकते," आजी म्हणाली.

बदक हललं. टिंगूने दोन्ही हातांनी मान धरली होती. पहिल्या वळणाला तिने एक हात सोडला. "आई, बघ!" पुलाखालून जाताना तिचं "ऊऽऽ" घुमलं, ते तिला आवडलं म्हणून तिने आणखी एक केलं. दुसऱ्या वळणाला तिने दोन्ही हात वर केले. "आजी, मी धरलंच नाहीये! बाबा, फोटो!"

बाकावर बाबांची हनुवटी छातीवर होती आणि मांडीवर मोबाइल उताणा पडला होता. आजी सावधान स्थितीत झोपली होती. तिच्या खांद्यावर आईचं डोकं होतं आणि आईचं तोंड थोडं उघडं होतं. कुणीतरी करायला हवं म्हणून टोपीवाल्याने हात हलवला.

बदक येऊन काठाला लागलं. टोपीवाल्याने पट्ट्याला हात घातला, पण टिंगू उठेना. ती बाकाकडे बघत होती. तिथे तिघंही अजून झोपेतच होते.

"उठवू का त्यांना?" त्याने विचारलं.

"उठवा," टिंगू म्हणाली आणि पट्टा स्वतःच्या हाताने घट्ट धरला. "पण मला परत जावं लागेल. त्यांचं बघायचं राहिलं ना."